शरीर सरावतं

कोल्हापूरच्या तालमींत पहाटेच्या अंधारातच जोर-बैठका सुरू होतात. नव्या पोराची ताकद सुरुवातीला झपाट्याने वाढते. अंग भरतं, दम वाढतो. मग कधीतरी ही वाढ थांबते. मेहनत तीच, खुराक तोच, घामही तितकाच. प्रगती मात्र जागच्या जागी.

श्रोतेहो, हा दोष आळसाचा नसतो. शरीर सरावतं. ओझं नवं असतं तेव्हा स्नायूंवर ताण येतो, त्यांची थोडी झीज होते. विश्रांतीत, विशेषतः झोपेत, ती झीज भरून निघते आणि स्नायू थोडे अधिक बळकट होतात. तेच ओझं रोजचं झालं, की शरीर सरावतं. बळकट होण्याचं कारणच उरत नाही.

जाणता वस्ताद अशा वेळी नुसते जोर वाढवत नाही. तो मेहनतीची तऱ्हा बदलतो. दोर चढायला लावतो, हौदातली माती खणायला लावतो, नव्या जोडीदाराशी खेळवतो. कधी तर मेहनत चक्क कमी करतो. पचायला जड जातं ते हेच. जिद्दी माणसाला घाम गाळणं सोपं वाटतं, थांबणं अवघड. पण थकवा साचला असेल, तर जादा मेहनतीने ताकद येत नाही, दुखापत होऊ शकते.

मनही असंच सरावतं. जे सहज जमतं तेच माणूस पुन्हा पुन्हा करतो आणि त्यालाच कष्ट समजतो. गाणारा हुकमी राग आळवत राहतो, अडणारी तान अडलेलीच राहते.

तेव्हा श्रोतेहो, आजचा सराव अडणाऱ्या जागेपासून सुरू करा. आणि अंग खरोखर थकलं असेल, तर आज खुशाल विश्रांती घ्या.