अकराव्या वर्षीचं उत्तर

घरातला तरुण मुलगा गांजाच्या नादी लागला आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहिनासं झालं, की त्या घरात दोन कहाण्या तयार होतात. आई म्हणते, "चांगला होता हो, संगतीनं बिघडला." वडील म्हणतात, "पहिल्यापासूनच घुमा होता तो, आपल्याच तंद्रीत असायचा." खोटं दोघंही बोलत नसतात. आज जे समोर आहे, त्याच्या उजेडात दोघंही मागचं वाचत असतात. गांजानं मन बिघडलं, की बिघडत चाललेल्या मनानं गांजा जवळ केला? घटना घडून गेल्यावर हे आठवणींना विचारून कळत नाही. काहीच घडलेलं नव्हतं तेव्हा कुणीतरी त्या मुलाशी बोलून लिहून ठेवायला हवं होतं.

न्यूझीलंडच्या डनीडिन शहरात तसं लिहून ठेवलेलं आहे. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या वर्षात तिथल्या क्वीन मेरी प्रसूतिगृहात जन्मलेल्या मुलांपैकी १,०३७ जण तिसऱ्या वर्षी फिल सिल्वा यांच्या अभ्यासात आले. पंधराव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे १८, २१, २६, ३२, ३८, ४५ अशा वयांना त्यांना पुन्हा बोलावलं गेलं. दात, फुप्फुसं, रक्तदाब, झोप, नोकरी, नाती, दारू, गांजा, मनात येणारे भलते विचार, सगळ्याची नोंद झाली. कुणी ऑस्ट्रेलियात गेलं, कुणी इंग्लंडात. अभ्यासानं त्यांना तिकीट काढून डनीडिनला आणलं. पंचेचाळिसाव्या वर्षी हयात होते ९९७, आणि तपासणीला आले ९३८. माणसं एकदा दिलेल्या शब्दाला चार दशकं जागतात, ही मला या सगळ्या आकड्यांतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ही मुलं अकरा वर्षांची असताना, म्हणजे १९८३-८४च्या सुमारास, त्यांना काही विचित्र वाटावेत असे प्रश्न विचारले होते. इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज तुला ऐकू येतात का? तुझ्या मनातलं कुणी वाचतं का? टीव्ही किंवा रेडिओवरून फक्त तुझ्यासाठी निरोप येतात का? मुलांनी उत्तरं दिली, ती कागदावर उतरली आणि कपाटात गेली. त्या उत्तरांचं मोल तेव्हा विचारणाऱ्यालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं.

पुढे २००२ साली लुईझ आर्सेनो आणि सहकाऱ्यांनी ७५९ जणांच्या नोंदी तपासल्या. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढू लागलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांमध्ये सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासदृश विकार दिसला. न ओढणाऱ्यांत तो ३ टक्क्यांमध्ये होता. इथं थांबलं असतं, तर वर्तमानपत्राला मथळा मिळाला असता. पण कपाटात अकराव्या वर्षीची उत्तरं होती. ती हिशेबात धरल्यावर धोका कमी झाला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा असा उरला नाही. याचा अर्थ गांजा निर्दोष ठरला असा मुळीच नाही. उरलेला कल त्याच्या विरोधातच होता; शिवाय स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या सुमारे ४५,००० तरुणांवरच्या, १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बोट त्याच दिशेला होतं. एवढंच, की काही मुलांच्या बाबतीत हाती गांजा येण्याआधीच काहीतरी सुरू झालं होतं. म्हणजे आईही बरोबर, वडीलही बरोबर. आणि दोघांनी एकमेकांना दिलेला दोष मात्र व्यर्थ.

त्या १० टक्क्यांमागची माणसं मोजावीत. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा ओढणारे होते फक्त २९. त्यांचे १० टक्के म्हणजे तीन माणसं. जगभर उद्धृत झालेला निष्कर्ष तीन जीवांवर तोललेला आहे, हे वाचताना मी दर वेळी अडखळतो. त्या तिघांची नावं मला कळणार नाहीत, आणि कळू नयेत हेच योग्य.

बुद्ध्यंकाबाबतही असंच झालं. किशोरवयात सुरुवात करून पुढे ओढतच राहिलेल्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ अंकांपर्यंत घसरल्याचं २०१२ साली याच अभ्यासातून मांडलं गेलं. त्यावर गरिबीचा परिणाम नीट वजा केला नाही असा आक्षेप आला, आणि नंतर जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी शंका आणखी वाढवली. हा वाद मिटलेला नाही.

माझ्या दृष्टीनं मात्र यापेक्षा खोल गोष्ट विस्मरणाची. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली याच अभ्यासातून दाखवलं, की वेळोवेळी विचारत गेल्यास बत्तिसाव्या वर्षापर्यंत ४१ टक्के लोकांना कधी ना कधी नैराश्यानं, ३२ टक्क्यांना दारूच्या आहारी जाण्यानं आणि १८ टक्क्यांना गांजाच्या आहारी जाण्यानं गाठलेलं होतं. मोठ्या वयात एकदाच "आयुष्यात कधी झालं होतं का?" असं विचारणाऱ्या सर्वेक्षणांत मिळणाऱ्या प्रमाणाच्या हे साधारण दुप्पट. माणूस लपवतो म्हणून नव्हे, तर सावरलेला माणूस आपली वाईट वर्षं खरोखरच विसरतो म्हणून. मग पंचेचाळिशीचा बाप "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणतो, तेव्हा तो मनापासूनच म्हणत असतो.

आपल्याकडे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून अशीच चिकाटी आहे. तिथं गरोदर स्त्रियांच्या आहारापासून सुरुवात करून त्यांची मुलं मोठी होईपर्यंत नोंदी ठेवल्या गेल्या. तिथला प्रश्न पोषणाचा आणि मधुमेहाचा. मनाचा आणि व्यसनाचा प्रश्न घेऊन इतकं लांब चालत राहिलेली अशी वही मला आपल्या गावांसाठी हवी आहे. आज कुणी सुरू केली, तर तिचं खरं उत्तर वाचायला सुरू करणारा कदाचित नसेल. डनीडिनच्या अभ्यासाची धुरा २००० पासून वाहणारे रिची पोल्टन २०२३ साली गेले. अभ्यास चालूच आहे.

त्या १,०३७ जणांची मुलंही आता त्यात आली आहेत. पंधरा वर्षांची झाली, की त्यांनाही बोलावलं जातं. आईनं किंवा वडिलांनी नेमक्या याच वयात दिलेली उत्तरं तिथल्या दप्तरात ठेवलेली आहेत. समोर बसलेल्या मुलाला ती दाखवत नाहीत. त्याला त्याचंच विचारतात, आणि लिहून घेतात.