ऐकणाऱ्याचा देव कुठं बसतो?

माझा एक मित्र पुण्यात समुपदेशन शिकतोय. आजकाल बरेच जण शिकतात, पण हा शिकतोय ख्रिस्ती सेमिनरीत. म्हणजे सकाळी बायबलचा तास आणि दुपारी डिप्रेशनची लक्षणं. इंजिनियरिंगला आम्ही एका होस्टेलवर होतो. तो जालन्याचा, मी घनसावंगीचा. चार वर्षं कोडिंग करून त्यानं नोकरी सोडली आणि या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. शिकून झालं की परत जाऊन अंबड-घनसावंगीच्या गावांमधून काम करायचं, असं त्याच्या डोक्यात आहे.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर दोन प्रतिक्रिया आल्या. एक म्हणाला, "म्हणजे आता धर्मप्रसार का?" दुसरा म्हणाला, "भावा, थेरपी आणि देव मिक्स नको करू." पहिला कट्टर, दुसरा नास्तिक. एरवी या दोघांचं कशावर म्हणून पटत नाही. पण इथं दोघंही एकच गोष्ट गृहीत धरत होते: दुसऱ्याचं दुःख ऐकायला बसणाऱ्यानं आपला देव चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवावा.

हे खरंच जमतं का? आणि जमलं तरी ते बरोबर आहे का?

पहिल्या मित्राची शंका उडवून लावण्यासारखी नाही. जालन्याला ख्रिस्ती समाज नवा नाही. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ 'बेथेल' नावाचं गाव वसवलं होतं. मिशनच्या कामात औषध, अक्षर आणि प्रार्थना शेजारी शेजारी असत. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी हे केवढं मोठं होतं हे आपण विसरू नये. पण म्हणूनच प्रश्नही तेव्हापासूनचा आहे: मदतीचा हात धरला की त्या हातातलं पुस्तकही धरावं लागतं का? १९७७ मध्ये स्टॅनिस्लाॅस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की राज्यघटनेनं धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. कोर्टात ही रेघ स्पष्ट दिसते. रडणाऱ्या माणसासमोर बसल्यावर ती तितकी स्पष्ट राहत नाही. दुःखातला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. मग त्याच्या 'हो'ला संमती म्हणायचं का?

मला हा प्रश्न घरातूनच पडला आहे. माझा चुलतभाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. मोसंबीची बाग, दोन कोरडे उन्हाळे, कर्ज. कसा गेला हे आमच्या भागात फोड करून सांगावं लागत नाही. वहिनी तेव्हापासून कामापुरतं बोलते. दिवसकार्य झालं, नातेवाईक पांगले, आणि मग सल्ल्यांची रांग लागली. एका महाराजांनी पितृदोष सांगितला. एका ताईंनी "पॉझिटिव्ह राहा" असं सांगून रोज सकाळी सुविचार पाठवायला सुरुवात केली. आशाताई येऊन चौकशी करून गेल्या. सरकारी यंत्रणा अगदीच नाही असं नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्यानं 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं. पण वहिनीचं म्हणणं, अनोळखी माणसाला फोनवर काय सांगू. मग काकूंनी मला विचारलं, "तुझा तो दोस्त शिकलाय ना हे? तो येईल का?"

तो येईल. त्याला येऊ द्यावं का, हा माझा प्रश्न होता.

म्हणून मी त्याला विचारलं, की तुम्हाला तिथं नक्की शिकवतात काय? मला वाटलं होतं, कोणत्या दुःखावर कोणतं वचन याची यादी असेल. त्यानं सांगितलं ते वेगळंच निघालं.

या शिक्षणाची एक मुळी १९२५ सालात आहे. अँटन बॉयसन नावाचा अमेरिकन पाद्री १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा होऊन बाहेर पडल्यावर काही वर्षांनी त्यानं वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी आणून बसवायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं, की तुम्ही ग्रंथ जितक्या काळजीनं वाचता तितक्याच काळजीनं माणूस वाचायला शिका. समोरचा रुग्ण हाही एक दस्तऐवजच आहे, फक्त जिवंत. त्यातून पुढं दवाखान्यातल्या प्रशिक्षणाची एक पद्धत तयार झाली. आपल्याकडं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही तसं प्रशिक्षण चालतं.

त्या पद्धतीतला एक भाग ऐकून मी थांबलोच. त्याला 'व्हर्बेटिम' म्हणतात. विद्यार्थी एखाद्या रुग्णाशी बोलतो. मग ते संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो: ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, मध्ये किती वेळ कुणीच बोललं नाही. मग तो कागद गटापुढं वाचायचा, आणि शिक्षक एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारतात, हे तू का म्हणालास? थोडक्यात कोड रिव्ह्यू, फक्त रिव्ह्यूला कोडच्या जागी तुम्ही.

मित्रानं त्याच्या वर्गातला एक प्रसंग नावगाव वगळून सांगितला. एका बाईनं विचारलं होतं, "देवानं माझंच असं का केलं?" विद्यार्थी म्हणाला होता, "देवाची काहीतरी योजना असते." शिक्षकांनी विचारलं, "हे उत्तर कुणासाठी होतं? त्या बाईला उत्तर हवं होतं, की तुला तो प्रश्न सहन झाला नाही?" वर्ग गप्प झाला. मग त्यांनी ईयोबाचं पुस्तक उघडायला लावलं. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं. मग ते बोलायला लागले, देवाची बाजू मांडायला लागले, 'तुझंच काहीतरी चुकलं असणार' म्हणायला लागले. गोष्टीच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो.

म्हणजे श्रद्धेनं समोरच्याचं तोंड कसं बंद करू नये, हे इथं त्या श्रद्धेच्याच ग्रंथातून शिकवत होते. माझ्या मनातलं चित्र इथं पहिल्यांदा हललं.

आता दुसऱ्या मित्राकडं, म्हणजे 'देव मिक्स नको करू'वाल्याकडं येऊ. त्याच्या मते खरी थेरपी न्यूट्रल असते. पण आज आपण ज्याला थेरपिस्टचं ऐकणं म्हणतो, ते घडवणाऱ्या माणसांतलं मोठं नाव कार्ल रॉजर्सचं. आणि तो मानसशास्त्राकडं वळण्याआधी दोन वर्षं न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत होता. त्यानं धर्म सोडला. तरी समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारायचं, ही त्याची मुख्य कल्पना मला तरी कृपेच्या कल्पनेची सख्खी बहीण वाटते.

आणि समजा देव पूर्ण काढून टाकला, तरी खोली रिकामी राहत नाही. इन्स्टाग्रामवरची थेरपीची भाषा आठवा: स्वतःला प्राधान्य द्या, सीमा आखा, टॉक्सिक नाती तोडा. पुण्यात फ्लॅट शेअर करणाऱ्या मला ही भाषा कळते. घनसावंगीत सासू-सासरे, दोन लेकरं आणि सातबाऱ्यावर नाव चढायची वाट बघणाऱ्या वहिनीला कुणी 'सीमा आख' म्हणालं, तर ती आधी शेताच्या बांधाचा विचार करेल. त्या सल्ल्यामागंही एक श्रद्धा आहे: माणूस मुळात एकटा आहे, आणि स्वतःची निवड हे त्याचं सर्वांत मोठं मूल्य आहे. असेलही तसं. पण ती श्रद्धाच आहे, आणि तिच्या अंगावर झगा नसल्यानं ती ओळखू येत नाही इतकंच.

तेव्हा सगळेच काहीतरी घेऊन आत येतात. मग फरक कुठं करायचा?

अमेरिकेतला एक खटला इथं उपयोगी पडतो. जुलिया वॉर्ड ही ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी. २००९ मध्ये प्रात्यक्षिकात तिला एक क्लायंट मिळाला. तो नैराश्यासाठी आला होता. फाइलवरून दिसत होतं, की याआधी तो समलिंगी नात्याबद्दल बोलला होता. वॉर्डनं वरिष्ठांना सांगितलं, की माझ्या श्रद्धेमुळं मी त्या नात्याला दुजोरा देऊ शकत नाही, याला दुसऱ्या कुणाकडं पाठवू का? चौकशी होऊन तिला काढून टाकण्यात आलं. ती कोर्टात गेली, आधी हरली. २०१२ मध्ये वरच्या कोर्टानं तिचा दावा पुन्हा ऐकण्याजोगा ठरवला आणि शेवटी ७५ हजार डॉलरवर तडजोड झाली. पुढं २०१४ मध्ये तिथल्या समुपदेशकांच्या संघटनेनं आचारसंहितेत स्पष्ट केलं, की केवळ स्वतःच्या मूल्यांपायी क्लायंटला दुसरीकडं पाठवू नये.

हे वाचताना मी बराच काळ वॉर्डच्या बाजूनं होतो. ती खोटं वागली नाही. उपदेश करण्यापेक्षा 'मला जमणार नाही' म्हणणं प्रामाणिक वाटतं. पण मग त्या क्लायंटच्या जागी मी घनसावंगीतलं कुणीतरी ठेवून पाहिलं. पुण्यात 'दुसऱ्याकडं जा' म्हणणं सोपं आहे, दुसरा पुढच्या गल्लीत असतो. आमच्याकडं दुसरा म्हणजे जालना किंवा संभाजीनगर, एसटी आणि एका दिवसाची मजुरी. जिथं ऐकणारा एकच आहे तिथं त्याचा प्रामाणिक नकारसुद्धा दार लावून घेण्यासारखा असतो. म्हणजे समुपदेशकाच्या विवेकाला किती मोकळीक द्यायची, हे गावात आणखी किती दारं उघडी आहेत त्यावर ठरतं. शहरात बसून काढलेलं नीतिशास्त्र इथं कमी पडतं.

उलट टोकही आहे. १९७० मध्ये जे अॅडम्स या अमेरिकन पाद्र्यानं मांडलं, की समुपदेशनाला बायबल पुरेसं आहे, मानसशास्त्राची गरज नाही. त्याच्या मते मनाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ पापात असतं. या वाटेनं जाणारे आजही आहेत. ती वाट मला पितृदोष सांगणाऱ्या महाराजांपासून फार लांबची वाटत नाही. दोन्हीकडं दुखणाऱ्या माणसाच्या अंगावर आणखी एक आरोप पडतो. आपल्याकडं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये समलिंगी व्यक्तींना 'बदलण्याचे' उपचार हे गैरवर्तन ठरवलं, पण ते डॉक्टरांना लागू. सेमिनरीतून, आश्रमातून किंवा तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्समधून बाहेर पडलेला समुपदेशक त्या पकडीबाहेरच राहतो. म्हणून तो काय शिकून आला आहे, हे विचारणं आपलंच काम आहे.

आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे: प्रत्येकाला कामापुरताच अॅक्सेस द्यायचा. सर्व्हरची चावी तुमच्याकडं असेल, पण ग्राहकाचा डेटा उघडून बघायचं काम नसेल तर तो उघडायचा नाही. माणूस लबाड असतो म्हणून हा नियम नाही. चांगल्या माणसाच्या हातूनही नको तिथं हात लागतो, म्हणून आहे. दुःखातला माणूस ऐकणाऱ्याला आपल्या आयुष्याचा जवळजवळ पूर्ण अॅक्सेस देऊन बसतो. त्यानं तो विचारपूर्वक दिलेला नसतो. त्या अॅक्सेसचा वापर त्यानं सांगितलेल्या कामापुरता करणं, ही शिस्त. देव बाहेर ठेवता येत नसेल तर नाही. त्यानं आत कोपऱ्यात बसावं, आणि घरच्या माणसानं हाक मारल्याशिवाय बोलू नये.

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. आमच्या शाळेत मनाचे श्लोक पाठ करून घेत. तेव्हा कधी लक्षात आलं नव्हतं, पण त्यात समर्थ समोरच्याला 'तू असा वाग' म्हणत नाहीत, ते मनाशी बोलतात. ते मन त्यांचंही असतं आणि ऐकणाऱ्याचंही. सांगणारा वर आणि ऐकणारा खाली, अशी उतरंड त्या संबोधनात राहत नाही. मराठीला ही पद्धत जुनी ओळखीची आहे. तिचा उपयोग ख्रिस्ती समुपदेशकालाही व्हायला हरकत नाही.

आणि धर्मांतराच्या भीतीबद्दल बोलायचं तर आपल्याच साहित्यात एक उदाहरण आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये, रडून, भांडून, स्वतःशी तपासून. 'स्मृतिचित्रे' वाचताना हा निर्णय कुणी त्यांच्या अश्रूंच्या आडून काढून घेतला, असं वाटत नाही. श्रद्धा बदलायला इतका वेळ आणि इतकं भांडायला मोकळीक लागते. दुःखाच्या पहिल्या वर्षात, एका तासाच्या भेटीत मिळालेला होकार श्रद्धेचा मानू नये, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

काकूंना मी इतकंच सांगितलं, की आधी वहिनीला विचारा. त्याचा धर्म कोणता, तो कुठं शिकतो, हे सगळं सांगून विचारा. आणि मित्राला एक प्रश्न विचारला: ती तुझ्या देवाबद्दल कधीच काही ऐकून घेणार नसेल, तर तू किती वेळा येशील? तो म्हणाला, "ती म्हणेल तितक्या वेळा."

हा प्रश्न मला आता प्रत्येक ऐकणाऱ्याला विचारावासा वाटतो. महाराजांना, सुविचार पाठवणाऱ्या ताईंना, तासाला दोन हजार घेणाऱ्या थेरपिस्टला, आणि मित्राचं ब्रेकअप ऐकता ऐकता सल्ला द्यायला उतावीळ झालेल्या आपल्यालाही. समोरच्यानं तुमचं काहीच मानलं नाही, तरी तुमचं येणं चालू राहणार आहे का? राहणार असेल, तर तुमचा देव कुठं बसलाय याची काळजी मला वाटत नाही.