यहूदाचा सिंह: हैले सेलासी यांची बिरुदे आणि देवत्व

इथिओपियाचे अखेरचे सम्राट हैले सेलासी यांचा जन्म २३ जुलै १८९२ रोजी झाला. मूळ नाव तफारी मकोनेन. वडील हरारचे सुभेदार. तफारींना पुढे ‘रास’ ही सरदारकीची पदवी मिळाली आणि १९१६ मध्ये ते सम्राज्ञी झौदितू यांचे वारस व राज्यकारभारी झाले. २ नोव्हेंबर १९३० रोजी आदिस अबाबात राज्याभिषेक झाल्यावर त्यांनी ‘त्रैक्याचे सामर्थ्य’ अशा अर्थाचे आपले बाप्तिस्म्याचे नाव धारण केले.

त्या नावाला तीन बिरुदे जोडलेली असत: ‘राजांचा राजा’, ‘देवाने निवडलेला’ आणि ‘यहूदा वंशाचा विजयी सिंह’. त्यांचा आधार ‘केब्रा नेगस्त’ या ग्रंथातली कथा. शलमोन राजा आणि शबाची राणी यांचा पुत्र मेनेलिक हा राजघराण्याचा मूळपुरुष. त्याच्याबरोबर कराराचा कोशही इथिओपियात आला, असे ती सांगते. १९५५ च्या राज्यघटनेने ही वंशावळ चक्क कलमात घातली.

सिंहाच्या बिरुदाची गोष्ट मात्र वेगळी. बायबलच्या प्रकटीकरणात हा सिंह म्हणजे ख्रिस्त. इथिओपियाच्या राजमुद्रांवर ‘यहूदा वंशाचा सिंह विजयी झाला आहे’ हे वाक्य राजाच्या नावाआधी ब्रीद म्हणून येई. विजय ख्रिस्ताचा, राजा त्याचा सेवक. ‘देवाने निवडलेला’ या बिरुदातही हीच मर्यादा आहे: निवडणारा वेगळा आणि निवडला गेलेला वेगळा.

जमैकात हीच बिरुदे उलट्या दिशेने वाचली गेली. गुलामगिरीचा वारसा आणि गोऱ्यांचे राज्य सोसणाऱ्या समाजाला कृष्णवर्णीय सम्राटाच्या अभिषेकात भविष्यवाणी खरी झालेली दिसली. १९३३ च्या सुमारास लिओनार्ड हॉवेल यांनी हैले सेलासी हेच परमेश्वर असल्याचा प्रचार सुरू केला. पंथाला नाव मिळाले ते सम्राटाच्या जुन्या नावावरून, रास्ताफारी. जी बिरुदे सम्राटाला देवाच्या पायाशी बसवत होती, त्यांतूनच भक्तांनी त्याला देवाच्या सिंहासनावर बसवले. यात केवळ गैरसमज पाहणे उथळपणाचे ठरेल. आपला देव आपल्यासारखा दिसावा, ही त्यामागची मागणी होती.

इकडे १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले. ३० जून १९३६ रोजी सम्राटाने जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे दाद मागितली. ती व्यर्थ गेली. इंग्लंडमधल्या विजनवासानंतर १९४१ मध्ये ते राजधानीत परतले. २१ एप्रिल १९६६ रोजी ते जमैकाला गेले, तेव्हा विमानतळावर भक्तांचा लोंढा उसळला. आपण मर्त्य मानव आहोत, असे त्यांनी पुढच्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितले. भक्तांच्या श्रद्धेला त्याने तडा गेला नाही; खरा देव स्वतःला देव म्हणवत नाही, हे उत्तर तयार होते. कोणत्याही पुराव्याने न हरणारा हा युक्तिवाद, आणि म्हणूनच पुरावा म्हणून दुबळा.

१९७४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना पदच्युत केले. पुढच्या वर्षी ते कैदेत मरण पावले. त्यांचे अवशेष १९९२ मध्ये राजवाड्याच्या आवारात सापडले आणि ५ नोव्हेंबर २००० रोजी आदिस अबाबाच्या त्रैक्य कॅथेड्रलमध्ये दफन झाले. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हा एका श्रद्धावान ख्रिस्ती राजाचा अंत्यविधी मानला. अनेक रास्ताफारींनी मात्र त्यांचा मृत्यूच मानला नाही.