मिरीचा वास

मी दारू पीत नाही, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. बहुतेक वेळा त्यांनी विचारलेलं नसताना. पण लोकांवर म्हणावा तसा परिणाम होत नाही, कारण मी वर्ध्याचा. सेवाग्रामच्या पुण्याईनं आमच्या अख्ख्या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. ‘वर्ध्यात राहून दारू न पिणं म्हणजे वाळवंटात राहून पोहायला न जाणं,’ असं आमचे एक स्नेही म्हणतात. (हे स्नेही महिन्यातून दोनदा ‘कामानिमित्त’ पुलगावचा पूल ओलांडतात. नदीपलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि तिथे बंदी नाही.)

गेल्या माघात लेकीकडे नाशिकला गेलो. गेलो तोही सेवाग्राम एक्स्प्रेसनं! गांधीजींच्या आश्रमाचं नाव लावणारी गाडी माणसाला नेऊन द्राक्षाच्या मळ्यांत सोडते. जावई एका वाइनच्या कारखान्यात हिशेब बघतात. रात्री जेवणाआधी त्यांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. सासऱ्यापुढे जावई बाटली ठेवतो, याला पूर्वी कलियुग म्हणत. आता पाहुणचार म्हणतात.

दोन्ही बाटल्या एकाच द्राक्षाच्या. सिरा. ऑस्ट्रेलियात त्यालाच शिराझ म्हणतात. मी लगेच इराणातलं शिराझ आणि कवी हाफिज काढला. जावई नम्रपणे म्हणाले, “बाबा, ती दंतकथा. डीएनए तपासला तेव्हा आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्समधलेच निघाले.” मी पाणी प्यायलो.

एक बाटली नाशिकची, दुसरी फ्रान्सची, रोन नदीच्या उत्तर खोऱ्यातली. जावई सांगू लागले. हे द्राक्ष उन्हाच्या मुलखात वाढलं की त्यात साखर भराभर चढते, आंबटपणा ओसरतो आणि वाइन होते ती दाट, जांभळाच्या मुरंब्यासारखी, लवकर डोक्यात जाणारी. थंड हवेत तेच द्राक्ष सावकाश पिकतं. वाइन अंगानं सडपातळ, आंबटपणा शाबूत, मद्य बेताचं आणि वासाला चक्क काळी मिरी! कुणी मिरी घालत नाही बरं का. मिरीत जो रोटुंडोन नावाचा पदार्थ असतो तोच द्राक्षाच्या सालीत तयार होतो; २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो ओळखला. नाशिकचे लोकही काही कच्चे नाहीत. ते पावसाळा सरल्यावर छाटणी करतात, म्हणजे घड हिवाळ्याच्या गार रात्रींत पिकतात.

आता मला प्रश्न पडला. ही मिरी वेलीची की हवेची? वेल तीच, मुळं तीच. उद्या कुणी ती आमच्याकडे आणून मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत वाढवली, तर तिचा तो सडपातळ सात्त्विकपणा टिकेल का? आणि मग तोच हिशेब मला लावायचा, तर माझं निर्व्यसनीपण कुणाचं? माझं, की सरकारी हुकमाचं? चाळीस वर्षं शाळेत मी मुलांना संयमावर निबंध लिहायला लावले. पण संयम करायची वेळ माझ्यावर आली कधी होती? स्नेह्यांचं ते वाळवंट मला पहिल्यांदाच झोंबलं.

“बाबा, पिऊ नका. नुसता वास घ्या,” जावयांनी फ्रान्सचा ग्लास पुढे केला. वासाला तर वर्ध्यातही बंदी नसावी. मी नाक घातलं. जांभळं आली, ओलं लाकूड आलं, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं कपाट आलं. मिरी काही आली नाही. लेक बघत होती, नातू बघत होता.

“आली ना मिरी?”

“वा! अगदी ताजी कुटलेली!” मी म्हणालो.

म्हणजे बघा. हुकूम नाही, कलेक्टर नाही, पूल ओलांडलेला. आणि मोकळ्या हवेत आल्याबरोबर मी काय केलं, तर खोटं बोललो. त्यापेक्षा प्यायलो असतो तर निदान खरं काहीतरी झालं असतं.

रात्री गच्चीत जावई हळूच म्हणाले, “बाबा, एक सांगू? साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. नाकच तसं असतं. मला येत नाही. तीन वर्षं कारखान्यात मान डोलावतोय. तुम्हाला आला, बरं वाटलं. घरात कुणाला तरी येतो.”

हीच वेळ होती. तोंडाशी आलंही होतं.

“येईल हो, सवयीनं येईल,” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो.

वर्ध्याला परतल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन मिरपुडीची बरणी उघडली आणि खोल श्वास घेतला. ओळीनं सात शिंका आल्या. मिरीचा झणका निराळ्याच पदार्थाचा, तेव्हा शिंकांवरून रोटुंडोनचा निकाल लागत नाही, हे जावयांनी सांगितलं होतं. तरी पुन्हा एकदा नाक घातलं. आणखी चार.

आमची ही गुडघ्यामुळे नाशिकला आली नव्हती. ती बाहेरूनच म्हणाली, “सर्दी घेऊन आलात वाटतं नाशिकची?”

“हो,” मी म्हणालो.