बडोद्याच्या पूर्वेचा खडक

बडोदा शहर दोन अगदी भिन्न भूप्रदेशांच्या सीमेजवळ वसले आहे. पश्चिमेला खंभातची खचदरी आहे. तिच्यात काही किलोमीटर जाडीचा गाळ साचला आहे आणि त्याच गाळात 1960 मध्ये अंकलेश्वरचे तेल सापडले. पूर्वेला पावागडचा लाव्हा ओलांडला की गोध्र्याचा ग्रॅनाइट लागतो. त्याचे वय सुमारे 95 कोटी वर्षे. आणखी उत्तरेला, मेवाडात, 300 कोटी वर्षांहून जुने नीस खडक उघडे पडले आहेत. खंडाच्या अशा पुरातन गाभ्याला क्रेटॉन म्हणतात.

हा गाभा टिकला तो केवळ वरचा खडक कठीण म्हणून नव्हे. त्याचे बळ खाली आहे. पृथ्वी तरुण आणि तप्त असताना प्रावरणाचा मोठा भाग वितळला. वितळलेल्या रसाबरोबर लोह आणि पाणी निघून गेले. मागे उरलेला भाग हलका आणि कोरडा होता. कोरडा खडक सहजी वाहत नाही. हलका असल्यामुळे तो थंड होऊनही खाली बुडत नाही. जगातल्या अनेक क्रेटॉनांखाली असे मूळ सुमारे 200 किलोमीटर खोल गेलेले आढळते.

तरीही गाभ्यात जुने सांधे राहतातच. कच्छ, खंभात आणि नर्मदा या तिन्ही खचदऱ्या पुरातन खडकांतल्या जुन्या दिशांनाच अनुसरून फाटल्या, अशी मांडणी भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी केली. भूमी नव्याने तुटते तेव्हा बहुधा जुन्याच जखमेवर तुटते.

स्थैर्याचा अर्थ इथेच नीट समजून घ्यावा लागतो. स्थिर भूमीतही ताण साचतो. तो फार सावकाश साचतो, म्हणून माणसांच्या आठवणीत भूकंप उरत नाही. महाराष्ट्रातल्या किल्लारीला बेसाल्टचा थर जेमतेम साडेतीनशे मीटर जाड आहे आणि त्याखाली अतिप्राचीन खडक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली.

मजबुतीची आणखी एक किंमत असते. थंड, अखंड खडकातून भूकंपलहरी फारशा क्षीण न होता दूरवर जातात. 26 जानेवारी 2001 च्या कच्छमधल्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. तिथल्या गाळाने हादरा आणखी वाढवला. बडोद्याखालीही गाळच आहे. किल्लारीचा परिसर 1993 च्या भूकंपाआधीच्या भूकंप-विभागांच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. 2002 च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. त्या नकाशात बडोदाही त्याच विभागात आहे.