‘लेट’: अडथळा कीं मोकळीक?



पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळीचा घाट पावसाळ्यांत दरड कोसळून वारंवार बंद पडतो. दरड सर्वांस दिसते, म्हणून ती उपसतां येते. परंतु जी वाट कागदावर मोकळी असून पायांस मात्र बंद असते, ती कशी उपसावी? हा विचार आमच्या मनांत एका इंग्रजी शब्दावरून आला.

१६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत ‘लेट’ हें क्रियापद दोन अर्थांनीं आढळतें. ‘होऊं देणें’ हा अर्थ शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. दुसरा अगदीं उलट, म्हणजे ‘अडविणें’. रोमास येण्याचे आपले बेत कसे अडले हें पौल सांगतो (रोम. १:१३), तेथें हाच शब्द घातला आहे, आणि आजचा वाचक तेथें हटकून गोंधळतो. वस्तुतः हे दोन निराळे शब्द होत. जुन्या इंग्रजींत एकाचा अर्थ सोडणें, होऊं देणें, दुसऱ्याचा खोळंबविणें. हा दुसरा, उशीर ह्या अर्थाच्या ‘लेट’ शब्दाचा भाऊबंद. काळाच्या ओघांत दोहोंचीं अक्षरें एक झालीं, अर्थ मात्र परस्परविरुद्ध राहिले. अडविण्याचा अर्थ आतां मागें पडला आहे. तरी आखातांत नोकरीस जाणाऱ्या आपल्या मुलांच्या पासपोर्टावर, ह्यास विनाअडथळा जाऊं द्यावें अशी जी विनंती छापलेली असते, तींत तो अजून जिवंत आहे.

आतां महाडाकडे वळूं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत असा ठराव सी. के. बोले ह्यांनीं मांडला व मुंबईच्या कायदे कौन्सिलानें तो १९२३ सालीं संमत केला. पुढें १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचें ठरविलें. कागदावर ‘लेट’ उमटलें; परंतु तें कोणत्या अर्थानें वाचावयाचें हें पाणवठ्यावरच ठरत होतें. गुरेंढोरें तेथें पाणी पीत, माणसांस मात्र मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यावर त्यांच्या लोकांस मारहाण झाली, तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत न्यायालयाचा मनाईहुकूम आला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ सालचा मार्च उजाडला. ज्या शब्दाचें नातें उशिराशीं आहे, त्याचा अर्थ महाडानें दहा वर्षें भोगला.

हें वाचून दुसऱ्याकडे बोट दाखविणें सोपें आहे. आम्ही पूर्वीं ज्या एका मंडळींत सेवा केली, तेथें प्रभुभोजनाचा पेला आधीं एका वाडीच्या लोकांकडे जाई, मग दुसऱ्या वाडीच्या. तसा ठराव कधींच झाला नव्हता. उलट, ख्रिस्तांत भेद नाहीं असें आम्ही दर रविवारीं उपदेशांत सांगत होतों. तो क्रम आम्हीं चार वर्षें पाहिला आणि चकार शब्द काढला नाहीं. एका म्हाताऱ्या आजीनें, “पाळकसाहेब, आमची पाळी शेवटचीच कां हो?” असें विचारलें, तेव्हां आम्हीं काय उत्तर दिलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायीं कूश देशाचा एक षंढ वाटेंत पाणी पाहून फिलिप्पास विचारतो कीं, माझ्या बाप्तिस्म्याआड आतां काय येतें? नियमशास्त्राप्रमाणें (अनु. २३:१) तशा पुरुषास मंडळींत प्रवेश नव्हता, हें फिलिप्पास ठाऊक असलेंच पाहिजे. त्यानें प्रवचन केलें नाहीं. तो त्याच्यासह पाण्यांत उतरला.

मूळ ग्रीकांत षंढाच्या प्रश्नांतलें ‘अडविणें’ आणि पौलाच्या पत्रांतलें ‘अडविणें’ एकच आहे. त्याच शब्दाला नकार जोडून झालेला शब्द कृत्यांच्या पुस्तकाचा अगदीं शेवटचा शब्द आहे. पौल तेव्हां रोमांतच होता, भाड्याच्या घरांत, पहाऱ्यावरच्या शिपायासह. आणि त्याच्या दारीं येणाऱ्या सर्वांचें तो स्वागत करीत होता.