नेतृत्व : बक्षीस की अमानत?

आमच्या उर्दू शाळांतली मुले अंधेरी-घाटकोपरच्या महाविद्यालयांत जातात, तेव्हा आम्हाला प्रश्न पडतो : वर्गाच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा? 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर ठरवला. निवडणुकांतली हाणामारी पाहता भीती खोटी नव्हती. पण गुण ही स्वतःची कमाई. प्रतिनिधित्व ही इतरांनी सोपवलेली अमानत. जे सोपवलेच नाही, त्याचा हिशेब कोण मागणार? आणि मैत्रिणींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारी, बेताच्या गुणांची मुलगी यादीत येणार कशी?

2006 मध्ये लिंगडोह समितीने मधली वाट दाखवली : निवडणूक घ्या, पण खर्च उमेदवारामागे 5,000 रुपयांपर्यंत, हजेरी किमान 75 टक्के. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली; 2019 च्या निवडणुका मात्र पुढे ढकलल्या गेल्या.

आम्हा शिक्षकांना तोवर थांबायचे कारण नाही. वर्गाचा मॉनिटर मुलांनीच निवडावा, महिन्याने त्याला जाबही त्यांनीच विचारावा. चुकलेली निवड सुधारता येते. न केलेली निवड काहीच शिकवत नाही.